ज्वालामुखीबद्दल सॉरी

हलीमा सॉरी फार म्हणायची. दूध उतू गेलं की सॉरी, लिफ्ट उशिरा आली की सॉरी, टीव्हीवर भारत मॅच हरला तरी सॉरी. जुलैत एकदा मी बाहेरून घामाघूम होऊन आले, तर दार उघडता उघडता म्हणाली, "सॉरी मॅडम, बहोत गर्मी." जणू सूर्य हिनेच गॅसवर ठेवला होता. माझा नवरा सुहास तिला 'सॉरीबाई' म्हणायचा. तिला ते लाडाचं नाव वाटायचं, आणि होतंही तसंच.

आज ती आठवण्याचं कारण म्हणजे आमच्या घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. माझ्या दिराच्या लग्नाला वर्ष झालं आणि सकाळपासून पुण्याहून एकच विनोद फिरतोय, की हा लग्नाचा नसून ज्वालामुखीचा वाढदिवस आहे. गेल्या नोव्हेंबरात इथिओपियात ज्वालामुखी फुटला, त्याची राख समुद्र ओलांडून पार भारतापर्यंत गेली आणि आमचं पुण्याचं विमान रद्द झालं. सख्ख्या दिराचं लग्न आम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या फ्लॅटमध्ये, नटूनथटून सोफ्यावर बसून, मोबाइलवर पाहिलं. ही गोष्ट आता आमच्या घरात दरवर्षी सांगितली जाणार. त्या गोष्टीत हलीमा नसते, म्हणून मी इथे लिहिते आहे.

ती आमच्याकडे घरकामाला होती, इथिओपियाची. वय पंचविसाच्या आसपास असावं. तिला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. अरबी ती आधीच्या घरी शिकली होती, हिंदी आमच्याकडे शिकली आणि दोन्ही मिसळून स्वतःची एक वेगळीच भाषा बोलायची. तिच्या पगाराच्या तिकडे शेळ्या व्हायच्या. ती पैसे पाठवायची, भाऊ शेळी घ्यायचा आणि तिच्या ओरडण्याचा आवाज रेकॉर्ड करून हिला पाठवायचा. भांडी घासता घासता ती फोन कानाशी धरून ते बें-बें ऐकायची आणि आम्हाला सांगायची, "मॅडम, ये नया वाला. बहोत शैतान."

पलंगाखाली तिची एक भलीमोठी सुटकेस होती. आईसाठी जमवलेले टॉवेल, ब्लँकेट, थर्मास, चपलांचे तीन जोड. दर शुक्रवारी ती आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर सुटकेस उभी करायची आणि माझ्या मुलीला, अन्वीला, आकडा वाचायला बोलवायची. जानेवारीत तिचं काँट्रॅक्ट संपत होतं. त्यानंतर ती कायमची घरी जाणार होती. मी तिला दिवाळीपासून गळ घालत होते, की अजून एक वर्ष थांब. माझं ऑफिस, अन्वीची शाळा. नवीन बाई म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवणं आलं. पण एरवी उन्हाबद्दल माफी मागणारी ही मुलगी त्या एका बाबतीत जरासुद्धा ओशाळायची नाही. "नहीं मॅडम. जनवरी, खलास. माँ के पास."

विमान रद्द झाल्याचा मेसेज आला तेव्हा घरात आमच्या चार बॅगा दाराशी उभ्या होत्या. सासूबाई फोनवर रडत होत्या. सुहास एअरलाइनला फोन लावून लावून वैतागला होता. तेवढ्यात हलीमा चहा घेऊन आली आणि तो म्हणाला, "देखो सॉरीबाई, तुम्हारे मुल्क ने हमारा शादी खलास कर दिया!"

हलीमाने ट्रे खाली ठेवला. "सॉरी बाबा," ती म्हणाली; सुहासला ती बाबाच म्हणायची. मग माझ्याकडे वळून, "सॉरी मॅडम. मेरा मुल्क बहोत खराब किया."

तिने ज्वालामुखीबद्दल माफी मागितली. आणि मी, हे लिहितानाही मला लाज वाटते, तिला मोठ्या मनाने म्हटलं, "इट्स ओके, हलीमा. तुम क्या करेगा?"

दुसऱ्या दिवशी अन्वी टॅबवर नकाशा उघडून बसली. शाळेत कुणीतरी दाखवला होता. तिने हलीमाला गावाजवळच्या बाजाराचं नाव विचारलं, ते शोधलं आणि माझ्याकडे आली. "मम्मा, इट्स नॉट जस्ट हर कंट्री. इट्स हर प्लेस. लुक." नकाशावर तो बाजार आणि तो डोंगर यांच्यामध्ये माझ्या नखाएवढंही अंतर नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. हलीमा माझ्या शालूला इस्त्री करत होती. "भाईको फोन किया?" तर म्हणाली, कालपासून लागत नाही. काल, म्हणजे चहा आणला त्याच्या आधीपासून.

पुढचे सहा दिवस तिचा फोन लागला नाही. बातम्यांत राख होती, पण ती विमानांच्या बाजूने. कुठली उड्डाणं रद्द, कुठली सुरू. त्या राखेखाली कोण राहतं, हे कुणी सांगत नव्हतं. सुहासने तिच्या देशाच्या वकिलातीत फोन केले, अल क्वोजमधल्या त्याच्या कंपनीच्या वेअरहाऊसमधले दोन इथिओपियन शोधून काढले. ते भलतीकडचे निघाले. हलीमा कामं करत राहिली. सॉरी म्हणायची मात्र बंद झाली, आणि त्याने घर कसंतरीच वाटायला लागलं.

सातव्या दिवशी भावाचा आवाज आला. तिने उभ्याउभ्या ऐकला. गॅसवर वरण होतं, ते मी बंद केलं. "माँ जिंदा," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. "घास सब राख. बकरी नहीं खाता. पानी भी राख."

सुहास म्हणाला, "चारा पाठवू. काहीतरी करू या ना यार." या शहरात आम्ही कोथिंबीरसुद्धा अ‍ॅपवर मागवतो, पंधरा मिनिटांत येते. त्या संध्याकाळी आम्ही दोघं शिकलेली माणसं फोन हातात घेऊन बसलो होतो, आणि एका डोंगराच्या पायथ्याशी गवत कसं पोचवायचं हे आम्हाला समजत नव्हतं. हलीमाने आम्हाला चहा आणून दिला. पुढे भावाचे मेसेज येत राहिले, पण शेळ्यांचे आवाज यायचे थांबले. आईचा खोकला तेवढा मागे ऐकू यायचा.

डिसेंबरच्या शेवटी एक दिवस बाल्कनीत एक कोरा, निळा टॉवेल वाळत घातलेला दिसला. सुटकेसमधला. हलीमा तो स्वतः वापरू लागली होती. त्याच दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, दो साल और?" शेळ्या संपल्या होत्या. भाऊ आईला घेऊन दूरच्या एका नातेवाइकाच्या अंगणात राहायला गेला होता, आणि आता सगळ्यांचं पोट तिच्या पगारावर होतं. मी हो म्हटलं. तिला जवळ घेतलं. आणि तिला जवळ घेतलेलं असताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर चला, बाई शोधायची कटकट मिटली. मी तो विचार लगेच झटकला. पण आला होता.

दोन वर्षांचं वचन मला सहा महिनेही पाळता आलं नाही. जूनमध्ये सुहासच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तोही गेला. आम्ही शारजाला एका खोलीच्या घरात आलो. एजन्सीने हलीमासाठी उम्म अल कुवैनला घर पाहिलं. रत्नागिरीकडचं मुस्लिम कुटुंब, पाच मुलं, माणसं चांगली वाटली. मीच तिला गाडीने सोडायला गेले.

घरच्या बाई दारातच उभ्या होत्या. हलीमाला मराठी येत नव्हती, ती आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहत हसत होती. बाईंनी मला जरा बाजूला घेतलं.

"ताई, कामाला बरी आहे ना? आणि मध्येच घरी जायचं तर म्हणणार नाही ना? आधीची ईदला म्हणून गेली, ती आलीच नाही बघा."

"नाही म्हणणार," मी म्हणाले. "हिचं गाव राखेत गेलं. हिला आता जायला घर नाही."

"मग बरं झालं," बाई अगदी मनापासून म्हणाल्या, आणि हलीमाचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.