गंगाक्कांची खुर्ची

अण्णांच्या समोरची खुर्ची नेहमी रिकामी असे आणि तिच्यावर बसायची कुणालाही परवानगी नव्हती. हुबळीत, दुर्गदबैलातल्या एका लोखंडाच्या दुकानावरच्या खोलीत ते कन्नड मालिकांच्या पटकथा लिहीत. वृत्तपत्रातली नोकरी सोडून मी त्यांच्याकडे शिकायला गेलो आणि पहिल्याच दिवशी त्या खुर्चीवर टेकलो.

"ऊठ की रे," अण्णा शांतपणे म्हणाले. "गंगाक्का उभ्या राहिल्यात बघ."

गंगाक्का म्हणजे त्यांच्या चालू मालिकेतली खानावळवाली.

पात्राला समोर बसवायचं, मोठ्यानं प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, ही त्यांची पद्धत. उत्तराला लागेल तेवढा वेळ ते मान हलवत ऐकत. मग पेन्सिल चालू लागे. प्रश्न मराठीत, लिहिणं कन्नडमध्ये. खाली दिवसभर हातगाड्यांचा गोंगाट असे. त्या थांबण्यात मात्र तो ऐकू येत नसे. याचं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

"बातमीवाले तुम्ही, माणूस मेल्यावर पोचता," ते म्हणत. "इथं आधी यायचं." पात्र मारण्यापूर्वी त्याला तीनदा विचारायचं, काही सांगायचं राहिलंय का? राहिलं असेल तर त्याला जगवायचं. हा नियम त्यांनी चॅनलसाठीही कधी मोडला नाही.

मी मोडला. अण्णा तापानं घरी होते आणि चॅनलला गंगाक्कांचं मरण संध्याकाळपर्यंत हवं होतं. प्रसंग जमला तर पुढची मालिका माझ्या नावावर येणार होती. रिकाम्या खुर्चीशी बोलायची लाज वाटली. तिच्याकडे पाठ करून मी तासाभरात लिहून टाकलं.

अण्णांचा फोन आला. "अक्कांना विचारलंस नव्हं?"

"होय अण्णा, तीनदा."

"काय म्हणाल्या?"

"काही राहिलं नाही म्हणाल्या."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. उत्तर ऐकताना ते थांबत, तेवढीच.

प्रसंग गाजला, मालिका मला मिळाली. अण्णांनी विषय काढला नाही. फक्त नव्या पात्रांसाठी दुसरी खुर्ची आणली. जुनीवर तरीही कुणी बसायचं नव्हतं.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हा ते पलंगाशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून बोलत होते. "होय की अक्का, खोटं बोलला तो. पण पोरगं कामाचं आहे. विचारील एक दिवस."

मी दारातच थांबलो. ते खोटं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फोनवरच्या आवाजावरून ओळखलं असेल, हे शक्य आहे.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं जुनी खुर्ची मला दिली. विद्यानगरच्या माझ्या खोलीत ती खिडकीशी आहे. इतर पात्रांना मी दुसरीकडे बसवतो, प्रत्येकाला तीनदा विचारतो. आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

गंगाक्कांना दोनदा विचारून झालं आहे. दुसऱ्या वेळी खालच्या रस्त्यावरचा आवाज थांबला. तिसऱ्यांदा अजून विचारलेलं नाही.