आमच्या गल्लीतला पॅलिओ

माझी फजिती ऐकायचीय ना? मग आधी हातातला चहा संपवा. मधेच हसलात तर ठसका लागेल, आणि त्याचं खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर. तिथं आधीच काय कमी फुटलीत!

तर सुरुवात झाली माझ्या सासूबाईंच्या साखरेपासून. अमरावतीच्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आजी, चाळीस दिवस देतो. खाण्यावर ताबा ठेवा. साखर उतरली नाही तर मग इन्सुलिनची सुई."

सुई! आमच्या आई तशा कोणाच्या बापाला भीत नाहीत. गल्लीत सांड शिरला तर लाटणं घेऊन धावतात. पण सुई म्हटली की हातपाय गार. कोरोनाच्या लसीच्या दिवशी सव्वा तास मोरीत कडी लावून बसल्या होत्या. डॉक्टरांकडून निघाल्यावर ऑटोत त्यांनी माझा हात जो धरला, तो घर येईपर्यंत सोडलाच नाही.

"वैशाली, मले त्या सुईपासून वाचव वं माय."

आता मी पडले सून. त्यात शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे मला सगळं कळतं, हे ओघानं आलंच! संध्याकाळी मोबाईल घेऊन बसले आणि मला पॅलिओ सापडलं. शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा, तेच खायचं. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. आता पॅलिओवाले मांस-मासे खातात. आमच्या घरात अंडंसुद्धा गच्चीवर नेऊन खातात हो! म्हणून मी पॅलिओतून मांस वजा केलं. उरलं काय? दोडकं.

आमचं घर कसं, ते सांगते. मी सकाळी साडेआठची एसटी पकडते. शाळा अकोला रोडवरच्या एका गावात, परत यायला साडेसहा. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत, त्याची ड्युटी कधी लागेल ते त्यालाच माहीत नसतं. मुलगी बारावीला, दिवसभर क्लास. म्हणजे दिवसाचं स्वयंपाकघर आईंच्या ताब्यात. अशा घरात नवं काही सुरू करायचं, तर एखादा रविवार बसून नीट समजावून सांगावं की नाही? मी काय केलं? एका पायात चप्पल सरकवत सांगितलं!

"आई, आजपासून गहू, ज्वारी, तांदूळ, डाळ, दूध, साखर सगळं बंद. घरातल्या सगळ्यांनी."

"सगळ्याईनं? कावून वं?"

"तुमची साखर उतरावी म्हणून."

"म्हंजे उपास धरा लागते?"

एसटी सुटायला बारा मिनिटं होती. मी दुसरी चप्पल घातली आणि म्हटलं, "तसंच समजा."

बस्स! एवढंच बोलले हो मी. एवढ्यात सगळं संपलं.

पहिल्या संध्याकाळी मी उकडलेलं दोडकं आणि काकडी ताटात वाढली. नवऱ्यानं दोडकं बोटानं उलटून पाहिलं.

"हे काय हाय?"

"आदिमानवाचं जेवण."

"म्हनूनच मेले थे," असं म्हणून तो पाय मोकळे करायला बाहेर गेला. पाय मोकळे करून आला तेव्हा मिशीला कचोरीची चटणी होती. मुलीचंही क्लासच्या बाहेर काहीतरी सुरू असणार, पण त्या दोघांकडे मी कानाडोळा केला. माझं लक्ष आईंवर. त्या आपल्या दोन घास मुकाट्यानं खायच्या आणि उठायच्या. "भूकच नाई वं राहिली आताशा," म्हणायच्या.

मला केवढा आनंद! भूक आपोआप कमी होते, हे मी मोबाईलवर वाचलंच होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवून आले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, घरात शिरल्यावर तुला कधी वास नाही आला? आला ना! जिऱ्या-मिरचीच्या तुपातल्या फोडणीचा आला, रोज आला. पण चाळीस दिवस पोटात दोडकं असलेल्या बाईला कुठेही फोडणीचा वास येतो. मला तर फळ्यावर पानाचा उभा छेद काढताना त्यात भाकर दिसायची. मी तो वास शेजारच्यांच्या नावावर टाकला.

आणि शेजारीच तर पुढचं घडलं. दोडकं सुरू झाल्यावर चार दिवसांनी समोरच्या कांताकाकूंनी मला फाटकात गाठलं. मी नेहमीसारखी धावतच.

"मॅडम, तुमच्या सासूनं सांगतलं मले. आमच्या ह्याईलेबी शुगर हाय. आमी केलं तं चालते का?"

"चालते म्हणजे? कराच!"

"कोनत्या वारी सुरू करा लागते?"

"सोमवार बरा." आठवड्याची सुरुवात, दुसरं काय! काकूंनी मात्र डोळे मिटून मान डोलावली.

"किती दिवस?"

"चाळीस दिवस तरी. आणि मधे एकदाही मोडायचं नाही."

"अन् मोडलं तं?"

"मोडलं तर सगळं वाया!"

काकूंनी आतून करंडा आणून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मला वाटलं, चला, गल्लीत विज्ञानाची कदर आहे! मग रोज कोणी ना कोणी विचारायला लागलं. कोणी ओटीत नारळ घातला. बँकेतून निवृत्त झालेले कोपऱ्यावरचे काका मला पाहून उठून उभे राहायला लागले. अकोटहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, आमच्या इकडेबी चार घरी धरलं." आणि मी? मी गल्लीतून मान वर करून चालायला लागले. अख्ख्या वऱ्हाडाची साखर मीच उतरवून राहिले होते!

एक्केचाळिसाव्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आई ठसक्यात खुर्चीवर बसल्या.

"पाहा तुमी डॉक्टर, चाळीस दिवस दाना नाई टाकला तोंडात."

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. साखर वाढली होती. चांगली घसघशीत वाढली होती.

आईंचा चेहरा पार उतरला. "मंग... सुई?" त्यांचा आवाज एवढासा झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला भरून आलं. आपण काय करून बसलो, हे कळत नव्हतं, पण काहीतरी करून बसलो एवढं नक्की.

"थांबा आजी. सकाळपासून काय काय खाता, सांगा."

"सकाळी राजगिऱ्याचे दोन लाडू. संगं कोरा च्या, त्यात गूळ. साखर बंद हाय ना! दुपारी साबुदान्याची खिचडी, नाई तं भगर. चार वाजता रताळ्याचा शिरा. सोमवारी साबुदान्याचे वडे. अन् संध्याकाळी सून जे देते, त्यातले दोन घास देवाचं नाव घेऊन."

डॉक्टरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "हे कोणी सांगितलं?"

मी अडखळत सगळं सांगितलं. एसटी, चप्पल, तसंच समजा, सगळं. गल्लीचं तेवढं गिळलं.

"मॅडम, आपण काय करता?"

"शिक्षिका आहे."

"विषय?"

खरं सांगते, त्या क्षणी चित्रकला म्हणावंसं वाटलं. "विज्ञान," मी पुटपुटले.

तेवढ्यात आईंचा हात माझ्या पाठीवर आला. "तिले नका बोलू डॉक्टर. पोरगी माह्यासाठी चाळीस दिवस उपाशी राह्यली. माही माय नसती राह्यली." मी रुमाल शोधायला लागले. पर्समध्ये काकडी निघाली.

डॉक्टर पण माणूसच. त्यांनी सुई एक महिना पुढे ढकलली. ज्वारीची एक भाकर, वरण, पालेभाजी, दोन्ही वेळा चालणं, आणि साबुदाण्याचं नाव काढायचं नाही. आईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला. मीही उठायला लागले.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गल्लीचं एक विचारायचं होतं. या हप्त्यात तिथले सहा पेशंट आले. सहाही जणांची साखर चढलेली. सगळे एकच सांगतात, कोणत्या तरी मॅडमचं चाळीस दिवसांचं व्रत करून राहिलो. मला त्या बाईंना एकदा भेटायचंच आहे. ओळखता का हो तुम्ही?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. पण त्याआधीच आईंनी माझा दंड धरून मला डॉक्टरांपुढे उभं केलं. अभिमानानं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"वळखतो म्हंजे? हेच तं हाय थे! माही सून!"