हाकेला ओ

काजवाल्या आजी शिंप्यांकडून कपडे घरी आणून काजं-बटणं करीत. त्यांच्या पोटात काही राहत नाही, असं शेजारणी हसून म्हणत. मुलाचा पत्ता मात्र त्यांनी पोटात ठेवला होता.

मुलगा बायकोला आणि लेकीला टाकून गेला होता. आईला तेवढा तो शिंप्याच्या दुकानाबाहेर गुपचूप भेटून जाई. न्यायालयाने लेकीची पोटगी ठरवून दिली, त्यातला छदामही आला नाही. सून बेकरीत पाव बांधायची आणि सुट्टी घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची. तिथे एकच सांगत, "पत्ता आणा." पत्ता तिच्याच घरात बसून काजं करीत होता. सुनेच्या हातचा चहा घेताना आजींची मान खाली जाई.

सुई ओवायचं काम नातीचं. त्या दिवशी तिने दोरा ओला केला, सुई नाकाला लावली, तरी नेढं सापडेना.

"आजी, हिला भोकच नाहीये."

"मग तुझ्या आजोबांनी आणलेली असेल. त्यांची खरेदी तसलीच."

नात हसली नाही. "फळ्यावरचंही दिसत नाही मला. आईला सांगू नकोस हं, चष्म्याला पैसे पडतात."

आजींनी सुई चोळीला गळ्याशी टोचून ठेवली आणि तडक बेकरी गाठली. पत्ता ऐकून सुनेचे हात थांबले.

"कधीपासून ठाऊक होता?"

"पहिल्यापासून."

सुनेने कागदात बांधलेले पाव पुढे केले. "घरी न्या, आई. गरम आहेत." त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर आजींना बरं वाटलं असतं.

कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन गेला आणि हात हलवत परत आला. "आत माणूस आहे. नाव घेतलं की रेडिओ बंद होतो, दार काही उघडत नाही."

"मी येते," आजी म्हणाल्या.

सून जिन्याखाली थांबली. वर दारापाशी आजींनी बेलीफाला बाजूला उभं केलं. लहानपणी शर्टाची गुंडी गिळली म्हणून घरात मुलाचं नाव गुंड्या पडलं होतं. आईची हाक आली की आधी ओ द्यायची, रुसायचं ते मग, हे वळण आजींनीच लावलेलं.

"गुंड्या."

"ओ," आतून लगेच आलं.

दार उघडलं. आईला बघून तो हसला. मग त्याला बेलीफ दिसला. नोटिशीवर सही करताना त्याने मान वर केली नाही.

"तुझी हाक होती म्हणून उघडलं," एवढंच म्हणाला.

त्याच्या शर्टाचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. आजींचा हात सवयीने गळ्याशी गेला, सुईला लागला आणि तसाच खाली आला.

जिन्याखाली सुनेने विचारलं, "उघडलं त्यांनी?"

"ओ दिली," आजी म्हणाल्या, आणि तिच्याकडे न बघता चालू लागल्या.