अमीनाबीची न चमकणारी फरशी

९ फेब्रुवारी १९६६. सकाळचे आठ वाजले होते आणि दवाखान्यात मी धोब्याकडून आलेल्या चादरी मोजून घेत होते. बत्तीसपर्यंत आले असेन, तेवढ्यात दाराशी करीम मिस्त्री येऊन उभे राहिले. बायकांचा दवाखाना म्हणून ते नेहमी पायरीखाली थांबून खाकरायचे. त्या दिवशी खाकरले नाहीत. म्हणाले, "बाई, अमीना गेली. फजरच्या नमाजाच्या वक्ताले." मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि उरलेल्या चादरी मोजल्या, कारण धोबी खोळंबला होता. चाळीस हव्या होत्या, एकोणचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या तर चाळीस. माझी मोजणी सहसा चुकत नाही.

अमीनाबी करीम मिस्त्रींची बायको. तिचा धंदा फरशी घासण्याचा. फडक्यानं पुसण्याचा नव्हे. झिजलेली, खड्डे पडलेली दगडी फरशी दगडानंच घासून सपाट करण्याचा. यवतमाळात हे काम करणारे पुरुष चार-दोन असतील, बाई ती एकटीच. न्यूमोनियानं गेली. आठवडाभर मी तिला भरती हो म्हणून सांगत होते आणि ती म्हणत होती, नव्या खोलीच्या अकरा फरशा राहिल्या आहेत, त्या झाल्या की होते. तिला ओढत आणून खाटेवर निजवायला हवं होतं. तेवढं माझ्याकडून झालं नाही, ते इथं लिहून ठेवते आणि पुढे जाते.

मी मूळची घाटंजीकडची. छप्पन साली आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली आणि त्याच सुमारास मी नागपूरची नर्सची नोकरी सोडून यवतमाळात आले. एका कापूस व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं बाळंतपणाचा दवाखाना काढायचं ठरवलं होतं. जागा म्हणजे त्यांची जुनी कचेरी. भिंती भक्कम, छत उंच, पण खाली शहाबादी फरशी अशी झिजलेली, की दारात परातीएवढा खळगा. कित्येक वर्षं तिथं माणसं जोडे घासत आली-गेली होती, कापसाचे गठ्ठे ओढले गेले होते. त्या खळग्यांत पाणी साचायचं, फिनेल साचायचं, आणि बाळंतपणाच्या खोलीत आणखी काय काय साचतं ते मी सांगायला नको. सांधे वर आलेले, त्यात मळ. दोन वर्षं मी ते रोज खराट्यानं ओढून काढलं आणि मग शेटजींना सांगितलं, की ही फरशी अशी राहिली तर एक दिवस ताप पसरेल आणि बाया मरतील. त्यांनी एक ठेकेदार आणला. तो म्हणाला, दवाखाना महिनाभर बंद ठेवा, वरून सिमेंट ओतून देतो. मी म्हटलं, बाळंतपणं महिनाभर बंद ठेवता येत असतील तर ठेवून दाखवा.

तेव्हा कोणीतरी करीम मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते आले, पण भरलेल्या दवाखान्यात पुरुष माणूस आत कसा बसणार? त्यात दगड घडवून घडवून त्यांच्या छातीत धूळ बसलेली, चार पावलांत धाप लागायची. मागे त्यांची बायको होती, हिरव्या लुगड्यातली, ठेंगणी, रुंद मनगटांची. तिनं विचारलंही नाही. आत शिरली, गुडघ्यावर बसली, खळग्यात पाणी ओतलं, बोट बुडवून खोली पाहिली आणि म्हणाली, "पत्थर चांगला हाय, बाई. वरून दोन सूत काढाव लागते. मी आत घासतो, हे बाहीर बसतीन." दोन सूत म्हणजे पाव इंच. नवऱ्यासोबत ती बारा वर्षं घासत आली होती, पण काम नेहमी त्यांच्या नावावर. हे पहिलं तिच्या नावानं. करारनाम्यावर अंगठा घ्यायचा तर शाई लागायची, पण रेषा उमटायच्या नाहीत, नुसता काळा डाग. दगडानं अंगठा गुळगुळीत झालेला. शेटजींचा मुनीम वैतागला. ती म्हणाली, "मुनीमजी, चोरी केली तं मी सापडनार नाही, येवढं ध्यानात ठेवजा."

काम असं चालायचं. अर्ध्या खोलीतल्या खाटा दुसऱ्या अर्ध्यात सरकवायच्या, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे अमीनाबी आणि मोहल्ल्यातल्या दोन बाया. आधी रेती आणि पाणी टाकून खरखरीत दगडानं उंच कडा खाली आणायच्या. जड दगड लाकडी चौकटीत बसवलेला, दोन्ही बाजूंनी दोर, एकीनं ओढायचा, दुसरीनं परत ओढायचा. मग त्याहून बारीक दगड, मग आणखी बारीक, आणि प्रत्येक वेळी आधीचा चिखल पूर्ण धुऊन काढायचा. रेतीचा एक कण राहिला, की पुढच्या घासणीत ओरखडा. करीम मिस्त्री बाहेर पायरीवर घमेलं पालथं घालून बसायचे आणि नुसतं ऐकायचे. मधेच ओरडायचे, "अमीना, रेती अडकली." आतून उत्तर जायचं, "मलेबी कान हायेत." पडद्यापलीकडे कळा देणाऱ्या बायांना त्या आवाजाची सवय झाली. एक म्हातारी म्हणाली, "इकडं आमची पोरगी अडून राह्यली अन् तिकडं थे बाई दळून राह्यली." सगळा वॉर्ड हसला, कळा देणारीही हसली. चोवीस दिवसांत सगळी खोली सपाट झाली. पाणी ओतलं की सरळ मोरीकडे जायचं, कुठे थांबायचं नाही.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या घासणीनंतर फरशी राखाडी, मऊ, बिनचमकेची झाली होती. अमीनाबीनं विचारलं, "इथंच थांबू, का चमकवू?" शेटजींकडे चार दिवसांनी पाहुणे यायचे होते. ती फरशी पाहून मला इतका आनंद झाला होता... मी म्हटलं, चमकव, शेटजींना तोंड दिसलं पाहिजे. तिनं चमकवली. आणखी दोन घासण्या, मग आम्लाची पूड, मग मेण, मग गोणपाटानं रगडणं. खिडकी फरशीत दिसायला लागली. शेटजी आले, वाकून पाहिलं, खरोखरच तोंड दिसलं. गावातले चार मोठे लोक येऊन गेले. दोघांनी आपल्या बंगल्याचं काम तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं. करीम मिस्त्री पायरीवरून आत डोकावून बघत होते.

चमक आल्यापासून तेराव्या दिवशी गिरजा घसरली. घाटंजीच्या बाजूची पोरगी, पहिलं बाळंतपण. न्हाणीतून ओल्या पायानं आली आणि तिसऱ्या पावलाला आडवी झाली. मनगट मोडलं. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी वाचल्या, पण ते नशीब. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. गिरजाचा हात प्लास्टरमध्ये, मूल पाजायला दुसऱ्यानं धरून द्यायचं. तिची सासू मला तोंडावर म्हणाली, "आरसा करून ठेवला, आता घ्या पाहून आपलं तोंड." 

शेटजी आले ते तडकून. अमीनाबीला बोलावणं गेलं. ती आली, फरशीवर पाणी टाकलं, चपला काढून स्वतः चालली, आणि घसरली. भिंत धरून उभी राहिली. शेटजींनी सांगितलं, की उद्या ठेकेदार येऊन यावर सिमेंट ओतेल आणि हिला पुन्हा दारात उभं करायचं नाही. मी मध्ये पडले. म्हटलं, शेटजी, तिनं विचारलं होतं. चमकव असं मी सांगितलं. दोष माझा आहे.

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती माझ्यावरच उखडली. "तुमाले काय समजते, बाई, पत्थरातलं? सांगनाऱ्यानं सांगावं, करनाऱ्यानं नाही म्हनावं. ओल्या पायाच्या बाया दिसत नव्हत्या का मले? हात माहा होता." मग शेटजींकडे वळली. "सिमेंटाले सहा महिन्यात तडे जातीन, त्यात पुन्हा घान बसंन. मले आठ दिवस द्या. मी लावली चमक, मीच काढतो."

 शेटजींनी आठ दिवस दिले, पण सांगितलं, की आठ दिवसांनी पाहीन आणि मग ठेकेदार की तू ते ठरवीन. बाहेर आल्यावर करीम मिस्त्री तिला म्हणाले, की वेडी झाली का, चमक काढणारा कारागीर कोणी पाहिला आहे? चमकवलेल्या फरशीवर पुन्हा खरखरीत दगड फिरवलास, तर उद्या गाव म्हणेल हिला पॉलिश जमत नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. गावात तिची सगळी किंमत त्या चमकेवर होती आणि बंगल्यांची कामं अजून सुरू व्हायची होती. ती म्हणाली, "म्हनू दे."

चमक काढणं हे चमक आणण्यापेक्षा अवघड, हे मी त्या आठ दिवसांत शिकले. मेण आधी सोड्याच्या गरम पाण्यानं उतरवलं. मग मधला दगड घेतला, पण सरसकट घासून चालत नाही. जास्त घासलं की फरशी खरबरीत होते, त्यात मळ धरतो आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. कमी घासलं की घसरण तशीच. ती एक हात घासायची, धुवायची, अनवाणी चालायची, पुन्हा घासायची. साबणाचं पाणी टाकून चालायची, तेल सांडून चालायची. आठव्या दिवशी शेटजी आले तेव्हा तिनं त्यांना काही दाखवलं नाही. गिरजाच्या खाटेशी गेली आणि म्हणाली, "चाल, माय. तू पास केलं तं पास."

गिरजा उठेना. भीती बसली होती. अमीनाबीनं तिचा प्लास्टरचा हात आपल्या खांद्यावर घेतला, बादलीभर पाणी ओतलं, आणि दोघी न्हाणीपासून खाटेपर्यंत आल्या. मग गिरजा एकटी गेली. परत आली. तिसऱ्यांदा जाताना तिच्या सासूनं टोकलं, "पुरे आता, टिकीट काढलं काय?" शेटजींनी वाकून पाहिलं. तोंड दिसलं नाही. ते निघून गेले आणि ठेकेदार पुन्हा आला नाही.

मिस्त्रींचं भाकीत मात्र खरं झालं. दोन्ही बंगल्यांची कामं गेली. लोक दवाखान्यात यायचे, फरशी पाहायचे आणि म्हणायचे, ही तर मंद आहे. मी प्रत्येकाला पाणी ओतून चालायला लावायचे. बहुतेकांना बूट काढायचे नसायचे. अमीनाबीनं स्वतः कधी खुलासा केला नाही. दीड-दोन वर्षं हात रिकामे गेले. मग दारव्ह्याच्या एका शाळेतून बोलावणं आलं, मग दिग्रसच्या एका दवाखान्यातून, मग मशिदीच्या वजूखान्याचं काम मिळालं, जिथे नमाजाआधी हातपाय धुतात आणि ओले पाय हाच नियम. तोवर तिची एक रीत पडली होती. कुठेही गेली तरी दगड पाहण्याआधी विचारायची, "इथं कोन चालते?" बूट का अनवाणी, ओले का कोरडे, म्हातारे का लेकरं. एका वकिलानं तिला सांगितलं, की तुला काय करायचं आहे, तू फरशी चमकव. ती दगड उचलून परत आली. वकिलाच्या घरी म्हातारी आई होती, हे तिला ठाऊक होतं. मी नर्सिंगच्या मुलींना पुष्कळ शिकवलं. पण काम हातात घेण्याआधी ते कोणाच्या अंगावर जाणार आहे हे विचारा, एवढं एक वाक्य मी तिच्याकडून घेतलं आणि त्या वाक्याशिवाय एकही मुलगी माझ्या हाताखालून बाहेर पडली नाही.

गेल्या वर्षी शेटजींनी दवाखान्याला बाळंतपणाची नवी खोली जोडली. ते काम तिलाच मिळालं, पण शेटजींच्या मनातून चमक गेली नव्हती. अमीनाबी आजारी पडल्याचं कळताच त्यांनी नागपूरच्या एका मशीनवाल्याशी बोलणं लावलं. विजेवर फिरणारं यंत्र, दोन दिवसांत आरसा.

मातीची वेळ असराची, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजाची होती. बायका कबरस्तानात जात नाहीत; मी घरातच बायांत बसले. तिच्या हाताखालच्या दोघी कोपऱ्यात होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "बाई, अकरा फरशा राह्यल्या." मी म्हटलं, मला माहीत आहे.

दहा तारखेला सकाळी सात वाजता मी शेटजींच्या पेढीवर गेले. म्हटलं, मशीनवाल्याला येऊ नका म्हणून कळवा. उरलेलं काम तिच्या बाया करतील. शेटजींनी विचारलं, की बिघडलं तर जबाबदार कोण. मी कागद मागून घेतला, त्यावर जबाबदारी माझी असं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं सिस्टर. पण चमकली नाही तर?"

मी म्हटलं, "चमकली, तर मला बोलवा."

मग दवाखान्यात परत आले, दोघींना दगड भिजत घालायला सांगितला, आणि राउंडला लागले.