पाच हातांचा लाल रंग

गल्लीच्या तोंडाशी, वजनकाट्याच्या अलीकडे, एकाच छपराखाली दोन दुकानं आहेत. डावीकडे टायर, उजवीकडे रंग. मध्ये भिंत नाही, नुसता एक ताडपत्रीचा पडदा. टायरच्या बाजूला बायको काम करते, रंगाच्या बाजूला नवरा. नवं गिऱ्हाईक हमखास उलटं समजून आत शिरतं आणि तिलाच विचारतं, “वहिनी, टायरवाले मिस्त्री कुठे गेले?” वहिनी हातातला हातभर लांब पाना खाली ठेवत नाहीत. “इथेच आहेत. बोला,” म्हणतात.

तिला सगळे पाना म्हणतात. त्याला म्हणतात आरसा.

हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं. चाकाचं काम संपलं की तो ते भिंतीला टेकवून उभं करतो, समोर उकिडवा बसतो, खिशातून बोटभर कंगवा काढतो आणि चाकात बघून मिशी विंचरतो. मिशीचा केस न् केस दिसला तर काम पास. नाही दिसला तर पुन्हा पाणी, पुन्हा वॉटर पेपर, पुन्हा घासाघीस. तोवर गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत तिष्ठत असतं. “अहो, मला चाक हवंय, ड्रेसिंग टेबल नको!” असं एक टेम्पोवाला कळवळून म्हणाला होता. आरशाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. जेवायला बसलेल्या माणसाने ‘मीठ कशाला घालता’ असं विचारल्यावर आचाऱ्याने बघावं, तसं.

मुळात तो पाट्या रंगवणारा. पानाच्या वडिलांच्या टायरच्या दुकानाची पाटी त्यानेच रंगवली. एरवी दोन दिवसांत होणारी पाटी, पण ह्याचं एकेक अक्षर संपता संपेना. मुलगी आत टायर उतरवत होती आणि शिडीवरून तिचे हात बरे दिसत होते. शेवटी सासरेबुवा, म्हणजे तेव्हा अजून झाले नव्हते, शिडी हलवून म्हणाले, “ए बाबा, तू पाटी रंगवतोयस की पत्रिका?” तो म्हणाला, “दोन्ही एकाच रंगात होतील.” उत्तर आवडलं नसतं तर शिडी पुन्हा हलली असती. नाही हलली.

पुढे छापील फलक आले, पाट्या गेल्या, आणि तो बायकोच्या पडद्यापलीकडे चाकं रंगवायला लागला. अक्षरांवरची माया चाकांवर गेली. कामाची वाटणी ठरलेली. गंज काढणं आणि रंग देणं त्याच्याकडे. पण रंग द्यायच्या आधी प्रत्येक चाकाच्या नटांची भोकं ती स्वतः पुठ्ठ्याच्या चकत्यांनी झाकायची. नट ज्या खोलगट वाटीत बसतो ती वाटी, आणि चाकाची मागची बाजू जिथे गाडीला टेकते ती जागा, इथे रंगाचा फार तर वास लागावा, थर नाही, हा तिचा कायदा. तो कायदा त्याने कधी मोडला नव्हता, कारण चकत्या लावायला ती असायचीच.

अशात दातांची डॉक्टरीणबाई आली.

तिच्या मागोमाग, दोरीने बांधून ओढत आणलेला एक नाकवाला जुना ट्रक आला. चार चाकी, छोटा, पुढे लांब नाक, दोन्ही बाजूंना बेडकासारखे डोळे. तिचे वडील तिच्या लहानपणी हा ट्रक चालवायचे. मग विकला गेला. तिने तो शोधत शोधत एका वीटभट्टीच्या मागून उकरून काढला होता. इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडे व्हायचं होतं, चाकं इथे.

आरसा चाकापाशी बसला. ती पण बसली. दोघांनी एकाच वेळी गंजावरून अंगठा फिरवला.

“किडलंय,” ती म्हणाली. “मुळापर्यंत गेलंय का?”

“खरवडल्याशिवाय सांगता येत नाही, डॉक्टर.”

“मी पण हेच सांगते लोकांना. कुणी ऐकत नाही.”

आरशाला ती बाई एकदम पसंत पडली.

“बाबांना अजून सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “रविवारी सकाळी दाखवणार. गाडी नसली तरी लायसन दर वेळी न चुकता नवं करून घेतात. का, म्हटलं, तर म्हणतात, असू दे, वास येतो त्याला गाडीचा. दाखवल्यावर ते थांबायचे नाहीत. टेकडी उतरून थेट आत्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवतील.” मग उठता उठता तिने असं काही म्हटलं की आरशाचा हात हवेतच राहिला. “घाई नका करू. छान करा.”

इतक्या वर्षांत त्याला लोकांनी ‘कधी मिळेल’ विचारलं होतं, ‘एवढं कशाला’ म्हटलं होतं. ‘छान करा’ कुणीच म्हणालं नव्हतं. तो पडदा सारून बायकोला सांगायला गेला. पण पाना भावाच्या घरी निघाली होती, भावजय बाळंत झाली होती म्हणून. “स्टेपनी धरून पाचही चाकांचे टायर उतरवून ठेवलेत,” ती पिशवी भरता भरता म्हणाली. “आणि जेवा वेळेवर. थिनरच्या वासाने पोट भरत नाही.”

ती गेली, आणि आरसा सुटला.

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून त्याने जुने थर उडवले. काळा, त्याखाली राखाडी, त्याखाली कुठेतरी कोपऱ्यात चिकटून राहिलेला मूळचा लाल. तो सापडला तेव्हा त्याने एकट्यानेच “अरे वा!” म्हटलं. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरली, घासली, पुन्हा भरली. प्रायमर मारला. मग लाल. एक हात, दोन हात, तीन. प्रत्येक हातानंतर वॉटर पेपर. सगळीकडे. पुढून, मागून, कडेला, जिकडे फक्त गाडीचं पोट बघणार तिकडेही. नटांच्या वाट्यांपाशी तो क्षणभर थांबला. एवढ्या लालभडक चाकात भोकाभोवती उघडं लोखंड? हसणाऱ्या माणसाचे पुढचेच दात पडावेत तसं दिसेल. त्याने रंगाची स्प्रे गन आत घातली. पाच हात झाले. वर चमक मारली.

कंगवा काढला. मिशीच काय, नाकातला केससुद्धा दिसला.

पाना परत आली ती लाडवांचा डबा घेऊन, आणि डबा तसाच हातात धरून चाकांसमोर उभी राहिली.

“अगं बाई!” ती म्हणाली. आरसा फुलला. ती वाकली. तिने एका वाटीत करंगळी घातली. नखाने दाबलं. “अगं बाई,” ती पुन्हा म्हणाली, पण ह्या वेळी ते वेगळं होतं. “वाट्या रंगवल्यात?”

“पाच हात.”

“मागची बाजू?”

“पाच हात. तू म्हणतेस ना, मी काम अर्धवट सोडतो.”

“ते जेवणाचं म्हणते मी! खरवडा हे.”

“काय?”

“वाट्या आणि मागचं. लोखंड दिसेपर्यंत. ही चाकं मी अशी कसणार नाही.”

आरसा हसला, मग ती हसत नाही हे बघून थांबला. “डोकं ठिकाणावर आहे का? पाच हात दिलेत! पोरीच्या गालाला हात लावावा तसा वॉटर पेपर फिरवलाय मी.”

“नट बसल्यावर ती वाटी कुणाला दिसणार आहे?”

“मला माहीत असेल ना!”

“आणि टेकडीवर नट सैल झाला की म्हाताऱ्यालाही माहीत होईल. रंग चेपतो. चेपला की नटाखाली जागा होते.”

“थोडासा रंग तो!”

“पाच हात म्हणालात.”

पडदा त्या दिवशी कधी नव्हे तो पूर्ण ओढलेला होता. दोन्ही बाजूंनी भांडी आपटल्याचे आवाज येत होते, आणि एका बाजूला तर भांडी नव्हतीच. मुलाखत द्यावी तसा आरसा रंगाच्या डब्यांशी बोलत होता. लोक म्हणतात, छान करा. आणि घरची माणसं म्हणतात, खरवडा. घ्या.

ट्रक इंजिन दुरुस्त होऊन, उसन्या चाकांवर का होईना, पण स्वतःच्या पायांनी आला तेव्हा पानानेच पडदा सारला.

“बरं. कसते.”

आरशाला वाटलं, जिंकलो. एवढ्या सहज जिंकल्याची सवय नसल्याने त्याला जरा भीतीही वाटली. तिने टायर चढवले, चारही चाकं लावली, आणि ठरलेली ताकद लागली की टक्‌ वाजतो तो पाना घेऊन एकेक नट कसला. टक्‌. टक्‌. टक्‌. मग म्हणाली, “तुमचा बारीक ब्रश आणा. पांढरा रंग घ्या. प्रत्येक नटावरून एक रेष ओढा. अर्धी नटावर, अर्धी चाकावर. सरळ.”

“माझी रेष वाकडी आलेली पाहिलीस कधी?”

“म्हणून तर. तुमच्या रेषेवर माझा विश्वास आहे. तुमच्यावर नाही.”

त्याने रेषा ओढल्या. केसाएवढ्या, काटकोनात, पाटीवरच्या शिरोरेषेसारख्या. वाळल्यावर ती स्टीअरिंगवर बसली, तो शेजारी. वजनकाट्यावरून खडीच्या रस्त्याने, गतिरोधकांवरून, उतारावर मुद्दाम ब्रेक दाबत ती त्याला चांगलं लांबवर फिरवून घेऊन आली.

“हळू! खडा उडाला.”

“उडू दे.”

“चाकावर उडाला!”

“मग काय माझ्यावर उडायला हवा होता?”

परत आल्यावर गाडी निवेपर्यंत तिने लाडू खाल्ला. त्यालाही दिला. त्याने रागात असूनही दोन घेतले. मग तिने तोच पाना पुढच्या चाकाच्या एका नटाला लावला. “हलला नसेल तर लगेच टक्‌ वाजेल,” ती म्हणाली.

वाजलं नाही. पाना गेला. आणखी गेला. पार बोटभर फिरल्यावर कुठे टक्‌ झालं. आरसा खाली वाकला. नटावरची अर्धी रेष चाकावरच्या अर्धीला सोडून पुढे निघून गेली होती. कडेने लाल रंगाचा चुरा फुटून आला होता, बारीक, डाळिंबाच्या सालीसारखा. दुसरा नट. तोही फिरला. तिसरा.

आरशाने तो चुरा चिमटीत घेऊन पाहिला. मग म्हणाला, “माझी रेष चुकली असेल.”

पानाने वर पाहिलं. हे वाक्य तिने लग्नापासून ऐकलेलं नव्हतं.

“तुमची रेष चुकत नाही,” ती म्हणाली.

यावर भांडता येईना. ती टोमणा मारती, ‘बघा, सांगत होते’ म्हणती, तर त्याच्याकडे उत्तरं तयार होती. डब्यांपुढे पाठ करून ठेवली होती. तो उठला आणि जॅक घेऊन आला.

चाकं पुन्हा उतरली. त्याने वाटीभोवती चिकटपट्टी गोल कापून लावली, थिनरचा बोळा फिरवला, आणि पातं घेऊन वाट्यांतला आणि मागचाही रंग काढायला बसला. पाच हात चढवायला जेवढा जीव लागला, तेवढाच उतरवायला लागला. मध्येच डॉक्टरीणबाई आली आणि दारातच थबकली.

“हे काय! चांगला रंग काढताय?”

“डॉक्टर,” तो मान वर न करता म्हणाला, “तुम्ही दातावर टोपी बसवता, तेव्हा खाली काही मऊ राहिलेलं चालतं?”

“छे! आठवड्यात निघून हातात येईल.”

“मग बसा. चहा घ्या.”

ती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “पातं असं धरा. हात कमी दुखेल.” तो धरून बघतो तर खरंच. तिने दुसरं पातं मागितलं, पदर खोचला, आणि स्टेपनीच्या वाट्या तिने साफ केल्या. एवढ्या सफाईने की पाना म्हणाली, “बाई, दवाखाना चालेना झाला तर इकडे या.”

पुन्हा कसलं. पुन्हा रेषा. पुन्हा वजनकाट्यावरून फेरी. ह्या वेळी पाना लावताच टक्‌, टक्‌, टक्‌, सगळीकडे. रेषा जिथल्या तिथे.

रविवारी सकाळी म्हातारे ड्रायव्हर लेकीचा हात धरून गल्लीत आले. इस्त्रीचा सदरा, पायात बूट. आरसा चाकाशेजारी असा उभा होता की कुणीही त्याला ओलांडून चाक बघू शकणार नाही आणि चाक ओलांडून त्याला बघू शकणार नाही. म्हातारे आले. ट्रक पाहिला. नाकाडावरून, दिव्यांवरून हात फिरवत पुढच्या चाकापाशी पोचले, आणि आरशाने श्वास रोखला.

म्हाताऱ्यांनी बूट उचलला आणि टायरला सणसणीत लाथ मारली.

“हवा बरोबर आहे,” ते म्हणाले.

लाल कडेवर धुळीचा पट्टा उमटला. आरशाने डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारे खाली बसून नट चाचपत होते. “पाना आहे का?” पाना पाना घेऊन पुढे झाली. त्यांनी एकेक नट तपासला. टक्‌. टक्‌. बोटाने वाटीची कड चाचपली.

“कसलं कुणी?”

“मी,” पाना म्हणाली.

“बाई, झकास. आणि वाटीतला रंग कुणी काढला?”

“मी,” आरसा म्हणाला.

“दिला कोणत्या शहाण्याने होता?”

पानाने आकाशाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईला खोकला आला.

“तो पण मीच.”

म्हातारे एवढे हसले की लेकीला त्यांना धरावं लागलं. “देणारा आणि काढणारा एकच! असा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. आमच्या वेळी देणारा देऊन पळायचा आणि काढावं लागायचं आम्हाला, भर रस्त्यात.” मग डोळे पुसून म्हणाले, “पण लाल कशाला रे केलीस? आमची चाकं काळी होती.”

“लालच होती, बाबा!” डॉक्टरीणबाई ओरडली. “मुळात लाल निघालाय रंग!”

“असेल. चिखलाखाली असेल. मी कधी बघितला नाही बुवा.” त्यांनी आता पहिल्यांदा, मान तिरकी करून, चाकाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “च्यायला. एवढी सुंदर होती आणि मी लाथा घालत बसलो.”

आरशाच्या कानापर्यंत हसू गेलं. त्याला ते लपवताच येईना.

“चला, चढा,” म्हातारे म्हणाले. “दोघंही. नट कसणाऱ्याने पुढे बसायचं, हा आमचा नियम. म्हणजे कसताना हात हलका पडत नाही.”

इंजिन खोकलं, धरलं, घुमलं. ट्रक गल्लीतून बाहेर पडला. स्टीअरिंगवर म्हातारे, मध्ये पाना, खिडकीत आरसा, आणि मागे हौद्यात उभी राहून डॉक्टरीणबाई लोकांना हात करत होती. टेकडीचा उतार लागला तसा आरसा खिडकीतून अर्धा बाहेर वाकला, चाक फिरताना कसं दिसतं ते बघायला.

“अहो, पडाल!” पाना ओरडली.

“ए, आत हो!” म्हातारे ओरडले.

“एकच मिनिट,” तो बाहेरूनच म्हणाला, आणि पानाने त्याच्या सदऱ्याचा मागचा भाग मुठीत घट्ट धरला.