अर्धं भाडं

नोरीन पार्कची मॅनेजर झाली ती काही हौसेनं नव्हे. नवरा गेला, जागेचं भाडं थकलं, तेव्हा पार्कच्या मालक कंपनीनंच सांगितलं, "वसुली कर, तुझी जागा फुकट." तेव्हापासून ओक्लाहोमातल्या त्या ट्रेलर पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, बासष्ट दारांवर 'भाडं भरा, नाहीतर जागा सोडा' अशा नोटिसा तीच चिकटवायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असलं ते काम. ज्याच्या दारावर कागद लावायचा त्याच्या कुत्र्याचंही नाव तिला ठाऊक.

जानेवारीत पाळी आली शेजारच्या ऑर्विलची. बहात्तर वर्षांचा, जन्मभर ट्रक चालवलेला, आता फुप्फुसं गेलेली. ट्रेलर त्याचा स्वतःचा. खालची जमीन तेवढी कंपनीची. पण चाकं कधीच गंजून गेलेली, आणि हलवायचा खर्च घराच्या किमतीहून जास्त. जागा गेली की घरही गेलं, एवढा सरळ हिशेब. नोरीनच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा म्हातारा होता.

नोटिशीनंतर पाचव्या दिवशी तो धापा टाकत ऑफिसात आला आणि पेट्रोलपंपावर रोख भरून काढलेली मनीऑर्डरची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"अर्धं आहे, पोरी. बाकीचं पेन्शन आलं की देतो."

नोरीननं त्यावरची रक्कम वाचली. कंपनीनं बजावलं होतं: नोटीस लागल्यावर अर्धं भाडं घेतलंस तर कोर्टात केस टिकत नाही, आणि केस पडली तर तुझी फुकटची जागाही गेली. ऑर्विलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिनं कागद परत सरकवला. "राहू द्या तुमच्याकडेच. सगळं एकदम आणा. आधी औषधं घ्या."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "देव तुझं भलं करो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी हरणाच्या मांसाचे सॉसेज तिच्या पायरीवर ठेवून गेला. तिला ते खाववेनात, आणि टाकवेनात.

पेन्शन यायच्या आधीच तारीख लागली. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "नोटिशीनंतर काही भाडं भरलंत?"

"अर्धं घेऊन गेलो होतो, साहेब. पण ही नोरीन मनानं फार चांगली. म्हणाली, आधी औषधं घ्या. मग मी घेतली."

"म्हणजे भरलं नाहीत?"

"नाही, साहेब."

तीन मिनिटांत निकाल लागला. जागा पाच दिवसांत खाली करायची. नोरीन मान खाली घालून बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण लाजेहून भीती मोठी होती.

बाहेर गाड्यांपाशी ऑर्विलनं तिला गाठलं. नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत हळूच म्हणाला, "तू मला सांभाळून घेतलंस, ते मी मूर्खासारखं सगळ्यांपुढे बोलून बसलो. कंपनी तुला काही बोलणार नाही ना, पोरी?"

"नाही," नोरीन म्हणाली.