पाहुण्यांपुढचा पेला

नदीकाठच्या कारखान्याचे मालक परवा आमच्या पंचायतीत सामाजिक जबाबदारीवर बोलायला आले होते. गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्रही त्यांनीच दिलंय. त्याच पाण्याचा पेला सरपंचबाईंनी रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हसून नमस्कार केला, पेला हलकेच बाजूला सरकवला आणि बॅगेतून स्वतःची बाटली काढली.

"गावाला आपलं मानलं की जबाबदारी आपोआप कळते," ते म्हणाले. मी मात्र त्या पेल्याकडेच बघत राहिले. घशाचं काही पथ्य असेल, असं मनाला समजावलं, पण ते ऐकेना.

"आपण रोज तेच पितो की," शेजारची सुमन टाळ्या वाजवता वाजवता पुटपुटली.

गाडी गेल्यावर सरपंचबाई तो भरलेला पेला दारातल्या तुळशीला घालायला निघाल्या आणि तिच्यापाशी जाऊन थबकल्या.